डायमंड कोटिंग: घर्षण कसं मोजायचं, झीज कशी ओळखायची, टूल कसं टिकवायचं

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या वर्कशॉपमध्ये डायमंड कोटिंगचं टूल येतं ते बहुतेक वेळा ॲल्युमिनियमच्या डाय-कास्टिंगसाठी. एडीसी-१२ या नेहमीच्या कास्टिंग-मिश्रधातूत साधारण साडेनऊ ते बारा टक्के सिलिकॉन असतं. त्याचे कडक कण साध्या कार्बाइडची (कोबाल्टने बांधलेल्या टंगस्टन कार्बाइडची) धार खरवडून काढतात, भोकाचं माप सरकायला लागतं आणि ऑपरेटर दर शिफ्टला ऑफसेट, म्हणजे मापाची दुरुस्ती, देत बसतो. डायमंड कोटिंगने हे थांबतं, पण ते कोटिंग जातं तेव्हा सांगून जात नाही. साधं कार्बाइड हळूहळू बोथट होतं. डायमंडचं टूल शेकडो जॉब एकसारखे काढतं आणि मग दोन-चार जॉबांत बर (कडेला उरलेली धातूची किनार), खराब फिनिश, वाढलेला स्पिंडल लोड असं सगळं एकदम अंगावर येतं. हिरा झिजून संपायच्या आधीच कार्बाइडवरून सुटतो, म्हणून असं होतं. तेव्हा घर्षण, झीज आणि पकड या तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासायला हव्यात, आणि त्यांत पकड पहिली. कॅटलॉगमध्ये मात्र मोठ्या अक्षरात छापलेला असतो तो घर्षणांक.

आधी हातात काय आहे ते बघा

डायमंड कोटिंग म्हणून बाजारात तीन अगदी निराळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली म्हणजे खरा स्फटिकी हिरा, सीव्हीडी पद्धतीने, म्हणजे तापलेल्या वायूतून थर जमवून, वाढवलेला. हायड्रोजनमध्ये एक ते पाच टक्के मिथेन मिसळून, २,००० अंश सेल्सिअसच्या वर तापलेल्या तारांजवळ टूल ठेवतात. टूल स्वतः ७०० ते ९०० अंशांवर असतं. थर तासाला जेमतेम मायक्रॉनभर, बऱ्याचदा त्याहून कमी वाढतो, म्हणून १० मायक्रॉनच्या थराला अख्खा दिवस किंवा जास्त वेळ जातो. टूलवरचा थर ६ ते २० मायक्रॉनचा असतो आणि त्याची कठीणता ८० ते १०० गिगापास्कल. शेजारी तुलनेला कार्बाइड ठेवलं तर ते १५ ते १८ वर थांबतं.

दुसरी डीएलसी (डायमंड-लाइक कार्बन). हा हिरा नाही, अस्फटिक कार्बन आहे. थर १ ते ४ मायक्रॉन, कठीणता बहुधा १० ते ४० गिगापास्कल (हायड्रोजन नसलेल्या प्रकारात याहून जास्त), आणि कोटिंगचं तापमान साधारण २५० अंशांच्या आत. त्यामुळे कडक केलेल्या पोलादावरही ते देता येतं. तिसरी वस्तू म्हणजे निकेलच्या थरात रुतवलेली हिऱ्याची पूड. ती ग्राइंडिंगच्या पिनांवर आणि काचेच्या ड्रिलवर असते. तिचा या लेखाशी संबंध नाही.

ओळखायला सोपं आहे. डीएलसी काळं, तुकतुकीत आणि गुळगुळीत दिसतं. सीव्हीडी हिरा करडा आणि निस्तेज असतो. ५० पट मायक्रोस्कोपखाली टूल थोडं फिरवलं की स्फटिकांच्या बाजू लुकलुकतात (अतिबारीक दाण्यांच्या नॅनोक्रिस्टलाइन प्रकारात हे दिसत नाही). खात्रीची परीक्षा म्हणजे जुन्या कार्बाइड इन्सर्टचा कोपरा टूलच्या दांड्याजवळच्या, कामात न येणाऱ्या कोटिंगवर हलकेच घासणं. खरा हिरा असेल तर कोपराच घासला जातो आणि कोटिंगवर रुपेरी रेघ उमटते. वाद मिटवायचाच असेल तर लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून कार्बनचा प्रकार सांगणारी रामन चाचणी: हिऱ्याचं अरुंद शिखर १३३२ प्रति सेंमीला येतं, डीएलसीचा रुंद उंचवटा १५५० च्या आसपास. पुरवठादाराकडे हा आलेख मागायला संकोच करू नका.

कार्बाइड चुकलं तर पुढचं सगळं वाया

कोटिंग सुटण्याचं मूळ बहुतेक वेळा कोबाल्टमध्ये असतं. कार्बाइडमधलं हे बंधन-द्रव्य सीव्हीडीच्या तापमानाला कार्बनला हिरा होऊ देत नाही, ग्राफाइट करतं. हिरा आणि कार्बाइड यांच्यामध्ये ग्राफाइटची मऊ फट राहिली की पकड संपली. म्हणून टूल मागवताना ६ टक्के किंवा त्याहून कमी कोबाल्टचं, मध्यम दाण्याचं ग्रेड मागवा. १० टक्के कोबाल्टचं अतिसूक्ष्म दाण्याचं ग्रेड एंडमिलसाठी (टोकाने आणि बाजूने कापणाऱ्या फिरत्या टूलसाठी) सगळीकडे सहज मिळतं आणि चिवटही असतं, पण डायमंडसाठी ते चुकीचं आहे. शेल्फवरची एंडमिल उचलून कोटिंगला पाठवणाऱ्यांचं इथेच फसतं.

कोटिंगवाले कोबाल्ट काढायला दोन टप्प्यांत रासायनिक धुलाई करतात. आधी मुराकामी द्रावण, म्हणजे १०० मिलि पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड आणि १० ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड. ते टंगस्टन कार्बाइडचे दाणे खडबडीत करतं. मग आम्ल, जे पृष्ठभागाजवळचा कोबाल्ट विरघळवतं. हे वर्कशॉपच्या बेसिनमध्ये करायचं काम नव्हे. फेरिसायनाइड आणि तीव्र आम्ल एकत्र आलं तर विषारी हायड्रोजन सायनाइड निघू शकतो. माहिती द्यायचं कारण वेगळंच आहे: धुलाई कमी पडली तर थर सुटतो आणि जास्त झाली तरी सुटतो. जास्त झाली की वरच्या पाच-दहा मायक्रॉनमध्ये दाण्यांना धरून ठेवणारं काहीच उरत नाही, आणि हिरा आपल्याखालचा ठिसूळ कार्बाइडचा पापुद्रा बरोबर घेऊन निघतो. तुटलेल्या जागेचा तळ पाहून यातला फरक कळतो, त्याकडे पुढे येऊ.

दुसरं कारण तापमानाचं. खोलीच्या तापमानाला हिरा कार्बाइडच्या सुमारे एक पंचमांशच प्रसरण पावतो. ८०० अंशांवरून थंड होताना कार्बाइड जास्त आकसतं आणि वरचा हिरा गिगापास्कलच्या पातळीवर दाबला जातो. सपाट भागावर या दाबाने फारसं बिघडत नाही. धारेवर थर वळतो, तिथे तोच दाब थराला वर उचलायला बघतो. थर जाड तेवढी ही उचल जास्त, म्हणून “जास्त मायक्रॉन, जास्त आयुष्य” हा हिशोब इथे चालत नाही. ॲल्युमिनियमच्या फिनिशिंगला ६ ते ८, आणि ग्रॅफाइट इलेक्ट्रोड किंवा कार्बन फायबरसाठी १० ते १२ मायक्रॉन पुरतात. कोटिंगच्या आधी धार अगदी वस्तऱ्यासारखी नको. ३ ते ५ मायक्रॉनची एकसारखी गोलाई हवी, आणि ग्राइंडिंगच्या खुणा व बर नसावेत.

घर्षणांकाचा एकच आकडा नसतो

गुळगुळीत केलेला हिरा हवेत हिऱ्यावरच घासला तर घर्षणांक ०.०५ ते ०.१ येतो. जाहिरातीत छापतात तो हाच. टूलवर असते तशा खडबडीत मायक्रोक्रिस्टलाइन थराचा सुरुवातीचा घर्षणांक ०.३ च्या वरही जातो. कारण रासायनिक नाही, भौमितिक आहे: स्फटिकांची टोकं समोरच्या धातूत रुततात आणि नांगरतात. टोकं बोथट झाली की आकडा खाली येतो. नॅनोक्रिस्टलाइन थराचे दाणे १०० नॅनोमीटरच्या आत असतात, त्यामुळे तिथे हा सुरुवातीचा काळ छोटा असतो.

हिरा निसरडा का, याचं उत्तर त्याच्या पृष्ठभागावरच्या मोकळ्या बंधांत आहे. हवेतली पाण्याची वाफ आणि ऑक्सिजन ते बंध मिटवून टाकतात, मग समोरच्या पृष्ठभागाला चिकटायला काही उरत नाही. निर्वात जागेत हे पांघरूण घासून निघून जातं, परत येत नाही, आणि हिऱ्याचा घर्षणांक कितीतरी पटींनी चढतो.

डीएलसीच्या बाबतीत दमटपणा आणखी महत्त्वाचा, आणि दोन प्रकार उलट वागतात. हायड्रोजनयुक्त डीएलसी कोरड्या हवेत किंवा नायट्रोजनमध्ये ०.०५ च्या खाली जातं, कधी ०.०१ पर्यंतही. दमट हवेत तेच ०.१ ते ०.२ दाखवतं. हायड्रोजनरहित डीएलसीला मात्र ओलावा लागतो. कोरड्यात ते ०.४ च्या वर चढतं आणि दमट हवेत ०.१ च्या आसपास शांत होतं. नाशिकमध्ये याला फार अर्थ आहे. श्रावणात खोलीतली आर्द्रता ८० टक्क्यांवर असते, एप्रिलच्या दुपारी २५-३० वर येते. एकच नमुना, एकच यंत्र, तरी जुलैचा आणि एप्रिलचा अहवाल जुळणार नाही, आणि दोष कोटिंगवाल्याच्या माथी जाईल. ज्या अहवालात आर्द्रता लिहिलेली नाही तो बाजूला ठेवा.

पिन-ऑन-डिस्कवर चाचणी

अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांमध्ये पिन-ऑन-डिस्क यंत्र बऱ्याचदा असतं; त्यात फिरत्या चकतीवर पिन किंवा गोळी दाबून घर्षण आणि झीज मोजतात. त्यावर ईएन-३१ पोलादाची १६५ मिमी व्यासाची कडक चकती आणि छोटी पिन अशी मांडणी सर्रास सापडते. ती झीज मोजायला ठीक, पण डायमंड कोटिंगसाठी उलटी आहे: खडबडीत हिरा पिनवर ठेवला की तो कानशीसारखा चकती तासत बसतो. कोटिंग चकतीवर आणि समोर गोळी, हीच मांडणी मागा. चकती कार्बाइडची, टूलच्याच ग्रेडची, आणि टूलच्याच बॅचमध्ये कोट केलेली हवी. वेगळ्या बॅचच्या चकतीवरून टूलबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

१. चकती आणि गोळी ॲसिटोनमध्ये दहा मिनिटं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दहा मिनिटं अल्ट्रासॉनिकमध्ये धुवा. नंतर बोट लावायचं नाही. बोटाच्या तेलाने पहिल्या काही मीटरचा घर्षणांक खोटा कमी येतो.

२. गोळी ६ मिमी व्यासाची. कोणत्या धातूची, ते कामावर ठरवा. फक्त दोन कोटिंगांची तुलना करायची असेल तर सिलिकॉन नायट्राइड किंवा ॲल्युमिना. चिकटण्याची परीक्षा घ्यायची असेल तर ज्या मिश्रधातूचे जॉब आहेत त्याचीच गोल टोकाची पिन टर्न करून घ्या. सातपूरच्या वर्कशॉपला हीच चाचणी सर्वांत उपयोगी, आणि हीच कोणी करत नाही.

३. भार ५ न्यूटन, मार्गाची त्रिज्या ५ मिमी, वेग सेकंदाला ०.१ मीटर. याला १९१ आरपीएम लागतात. अंतर १,००० मीटर, म्हणजे सुमारे ३१,८०० फेरे आणि पावणेतीन तास.

४. यंत्राभोवती ॲक्रिलिकची पेटी बसवा आणि आत पसरट भांड्यात मिठाचं संपृक्त द्रावण ठेवा. साधं मीठ पेटीतली आर्द्रता ७५ टक्क्यांजवळ धरतं, मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांजवळ. तळाशी न विरघळलेलं मीठ दिसत राहिलं पाहिजे. पेटी बंद करून काही तास जाऊ द्या आणि हायग्रोमीटरचा आकडा स्थिर झाल्यावरच सुरू करा.

५. तीन वेगवेगळ्या त्रिज्यांवर तीन चाचण्या घ्या, दर वेळी नवी गोळी. त्रिज्या बदलली की वेग तोच राहावा म्हणून आरपीएम बदलायला विसरू नका.

आलेख वाचताना सरासरीवर जाऊ नका. पहिला चढ, तो किती मीटरमध्ये उतरला आणि शेवटच्या २०० मीटरचा स्थिर आकडा, हे तिन्ही वेगळे लिहा. मध्येच आलेख करवतीच्या दातांसारखा वरखाली झाला तर थर सुटल्याची शक्यता आहे. पण समोरची गोळी ॲल्युमिनियमची असेल तर तेच चित्र धातू चिकटून-सुटून चालल्याचंही असतं. चाचणी थांबवून मायक्रोस्कोपखाली पाहिल्याशिवाय यातलं काही ठरवू नये.

एक सापळा मात्र नीट समजून घ्यावा. ५ न्यूटन भाराखाली ६ मिमीची पोलादी गोळी कार्बाइडला टेकते तेव्हा मध्यावरचा दाब सुमारे दीड गिगापास्कल असतो. हिरा झिजत नाही, गोळी झिजते. गोळीवर अर्ध्या मिमीचा सपाट व्रण पडला की तोच भार ०.२ चौमिमीवर पसरतो आणि दाब २५ मेगापास्कलवर येतो. म्हणजे चाचणीचा उत्तरार्ध पूर्वार्धापेक्षा कितीतरी सौम्य झालेला असतो. “हजार मीटर चालून कोटिंगला काही झालं नाही” हे वाक्य त्यामुळे वाटतं तेवढं भारी नसतं.

झिजेचा हिशोब

गोळीची झीज व्रणाच्या व्यासावरून काढतात: ३.१४ गुणिले व्यासाचा चौथा घात, भागिले (६४ गुणिले गोळीची त्रिज्या). व्यास ०.५ मिमी आणि त्रिज्या ३ मिमी असेल तर ०.००१०२ घनमिमी येतात. भार आणि अंतराच्या गुणाकाराने, म्हणजे ५,००० ने भागायचं. उत्तर घनमिमीत अगदी बारीक येतं, म्हणून एक अब्जाने गुणून घन मायक्रोमीटरमध्ये लिहिणं सोयीचं: इथे सुमारे २०५ घन मायक्रोमीटर प्रति न्यूटन-मीटर.

चकतीची झीज मार्गाच्या आडव्या छेदावरून. समजा मार्ग २०० मायक्रॉन रुंद आणि मधोमध ०.१५ मायक्रॉन खोल आहे. छेद साधारण २० चौरस मायक्रॉनचा. परीघ ३१.४ मिमी. यावरून दर सुमारे १२६ निघतो. चांगल्या हिऱ्याच्या थरासाठी याहून कमी, दहा ते शंभरच्या घरात आकडा यायला हवा. तेल न लावलेल्या पोलादाच्या जोडीत तो हजारांत नाही, लाखांतही जातो.

०.१५ मायक्रॉनची खोली खडबडीत थरावर मोजायची कशी, हा खरा प्रश्न. थराची स्वतःची खडबड याच मापाची, बऱ्याचदा मोठीच असते. अशा वेळी खोलीऐवजी “टोकं किती सपाट झाली” हे मायक्रोस्कोपवर बघून लिहावं. आणि सुईच्या प्रोफाइलोमीटरने (पृष्ठभागाची खडबड मोजणाऱ्या यंत्राने) हिऱ्याचा थर वारंवार मोजू नका. सुईचं टोकही हिऱ्याचंच असतं, ते बोथट होतं आणि नंतरच्या सगळ्या मोजण्या गुळगुळीत यायला लागतात. ऑप्टिकल यंत्र मिळालं तर तेच वापरा.

डीएलसीची जाडी तपासायला गोळीने खड्डा पाडण्याची पद्धत सोपी आहे. ३० मिमीची पोलादी गोळी, हिऱ्याची बारीक पेस्ट, काही मिनिटं. बाहेरच्या आणि आतल्या वर्तुळाच्या व्यासांचे वर्ग वजा करायचे आणि १२० ने भागायचं. ०.९ आणि ०.७ मिमी मिळाले तर जाडी २.७ मायक्रॉन. सीव्हीडी हिऱ्यावर हा उद्योग करू नका, पेस्ट संपेल पण खड्डा पडणार नाही. तिथे एक टूल मोडून त्याचा छेद बघणं हाच मार्ग.

पकड तपासणं

कठीणता मोजायचं रॉकवेल यंत्र बहुतेक टूल-रूममध्ये असतं. डीएलसी दिलेल्या पोलादावर १५० किलोचा ठसा मारा आणि १०० पटीत कडा बघा. ठशाभोवती नुसत्या बारीक भेगा असतील तर चालेल. कोटिंगचे तुकडे सुटून सलग कडं झालं तर बॅच परत. जर्मन व्हीडीआय ३१९८ मध्ये याच्या एचएफ-१ ते एचएफ-६ अशा सहा पायऱ्या आहेत. पहिल्या चार मान्य, शेवटच्या दोन अमान्य.

कार्बाइडवरच्या सीव्हीडी हिऱ्यावर ६० किलोचा भार घ्या आणि थर कुठवर उचलला गेला त्या वर्तुळाचा व्यास मोजून लिहून ठेवा. दर बॅचला हाच आकडा तुलनेसाठी उपयोगी पडतो. ठसा मारणारं टोकही हिऱ्याचंच असल्याने या कामाला जुना, रोजच्या तपासणीतून काढलेला इंडेंटर वेगळा ठेवा. चांगल्या इंडेंटरने डायमंड कोटिंग तपासलं तर त्यानंतर हार्डनेसचे सगळेच आकडे संशयास्पद.

मशीनवर लावताना

पहिली अट: लोखंड नाही. स्टील, कास्ट आयर्न, स्टेनलेस, काहीही नाही. कापताना धारेवर ७०० अंशांच्या आसपासचं तापमान सहज येतं, त्या तापमानाला लोखंड हिऱ्यातला कार्बन ओढून घेतं आणि धार काही मिनिटांत विरघळल्यासारखी जाते. कास्टिंगमध्ये स्टीलचा किंवा कास्ट आयर्नचा इन्सर्ट असेल तर प्रोग्राम तिथे टूलला पोचू देणार नाही याची खात्री करा.

कोलेट आणि होल्डर स्वच्छ करून टूलचा रनआउट, म्हणजे फिरताना ते मध्यापासून किती हलतं, ते बघा. ५ मायक्रॉनपर्यंत उत्तम, १० च्या वर टूल लावूच नका. रनआउटने एकाच दातावर भार येतो आणि तिथूनच थर उडतो. पण डायल गेजची कडक टोकाची सुई धारेवर फिरवू नका, दांड्याच्या गोल भागावर घ्या. लांबी मोजताना टूल स्टीलच्या ब्लॉकवर टेकवायचं नाही. लेझर प्रीसेटर नसेल तर मध्ये कागद धरा.

वेगाचा प्रश्न बहुतेक व्हीएमसींवर (व्हर्टिकल मशिनिंग सेंटरवर) स्पिंडलच सोडवून टाकतो. १० मिमीची एंडमिल १०,००० आरपीएमवर मिनिटाला ३१४ मीटर कापते. हिरा त्याहून जास्त सहज सोसतो, पण यंत्र तिथेच थांबतं. खरं चुकतं ते फीडमध्ये, म्हणजे टूल जॉबमध्ये पुढे सरकवण्याच्या वेगात. कोटिंगनंतर धारेची गोलाई १० ते १५ मायक्रॉन होते. चिप त्याहून पातळ निघाली तर टूल कापत नाही, घासतं. स्लॉटमध्ये दाताला ०.०५ मिमी फीड ठीक, तीन दातांना मिनिटाला १,५०० मिमी. पण तीच एंडमिल बाजूच्या फिनिशिंगला ०.२ मिमी आडव्या कापावर चालवली की चिपची सर्वांत जाड जागाही १४ मायक्रॉनवर येते. म्हणजे धारेच्या गोलाईइतकीच. तिथे फीड दाताला ०.१ च्या वर न्या. “महाग टूल आहे, जरा सांभाळून” म्हणून ऑपरेटर फीडचा ओव्हरराइड ५० टक्क्यांवर ठेवतो, आणि कोटिंग नेमकं त्यानेच जातं.

जॉबमध्ये शिरताना सरळ खाली न उतरता उतारावरून किंवा कमानीने शिरा. कास्टिंगच्या कडक सालीखालून पहिला काप घ्या, वरवर खरवडू नका. कूलंट ६ ते ८ टक्के, रिफ्रॅक्टोमीटरवर रोज बघून. टाकीत वाळूचे किंवा शॉट-ब्लास्टिंगचे कण येत असतील तर गाळणी आधी दुरुस्त करा. ग्रॅफाइट मात्र कोरडंच कापायचं, शोषण यंत्र लावून. ग्रॅफाइटची भुकटी ओली झाली की तिचा घासणारा लगदा होतो आणि स्लाइडवेमध्येही शिरतो.

टूल बदलायची वेळ लोड मीटर बघून ठरवू नका. तो वाढलेला दिसेपर्यंत खालचं कार्बाइड उघडं पडलेलं असतं. पहिल्या चार-पाच टूलांचं आयुष्य जॉबच्या संख्येत नोंदवा, त्यातलं सर्वांत कमी घ्या आणि त्याच्या तीन चतुर्थांशावर काउंटर लावा. सरासरी घेतलीत तर निम्मी टूलं जॉब बिघडवूनच बाहेर पडतील.

उतरवलेली धार वाचणं

आधी चिकटलेलं ॲल्युमिनियम काढा. ब्लेडने खरवडलं तर त्याबरोबर कोटिंगही निघतं आणि तपासणीच फसते. १० टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात फक्त धारेचा भाग अर्धा तास बुडवा. हिरा आणि कार्बाइड त्याला दाद देत नाहीत, ॲल्युमिनियम विरघळून जातं. हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा हवीच, कारण त्यात हायड्रोजन सुटतो. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. ॲल्युमिनियम बॉडीचा कटर असेल तर हा उपाय नाही.

मग ५० ते १०० पटीत पाहा. करडा हिरा आणि चमकदार कार्बाइड यांच्यामधली सीमा कशी आहे यावर निदान ठरतं. सीमा अस्पष्ट, हळूहळू चमकत गेलेली असेल तर ती खरी झीज. टूलने आपलं काम केलं, तक्रार नाही. सीमा तुटक, कोनदार आणि तळ स्वच्छ चमकणारा असेल तर थर पकड सोडून निघाला आहे. कोबाल्ट नीट निघाला नव्हता किंवा ग्रेडच चुकलं. तळ निस्तेज, दाणेदार, सुईने टोकरल्यावर भुगा होणारा दिसला तर धुलाई जास्त झाली. थराबरोबर कार्बाइडचाही लचका गेला असेल तर कोटिंगवाल्याला फोन करण्याआधी रनआउट, जॉबची पकड आणि शिरण्याची पद्धत तपासा.

चिकटलेलं ॲल्युमिनियम धारेच्या मागच्या अंगाला जास्त असेल तर ते घासण्याचं लक्षण, फीड वाढवा. पुढच्या अंगाला, चिपच्या वाटेवर असेल तर थर खडबडीत आहे. नॅनोक्रिस्टलाइन किंवा वरून नॅनो थर दिलेलं कोटिंग मागवा.

पोलादी भागांवरचं डीएलसी

डिझेल इंजेक्टरचे भाग, प्लंजर, पिना यांच्यासाठी नाशिकमध्ये डीएलसीशी बऱ्याच जणांचा संबंध येतो. तिथे हिऱ्याची लोखंडाची अडचण नसते, कारण तेलात घासणाऱ्या जोडीचं तापमान कमी राहतं. पण हायड्रोजनयुक्त डीएलसी साधारण ३०० ते ३५० अंशांच्या पुढे बिघडतं. कापडाला काळी भुकटी लागायला लागली की समजावं. समोरचा पृष्ठभागही तितकाच गुळगुळीत हवा, कारण दोन-तीन मायक्रॉनचा थर खडबडीत जोडीदारासमोर टिकत नाही. मॉलिब्डेनम असलेलं घर्षण कमी करणारं ॲडिटिव्ह, एमओडीटीसी, काही प्रकारच्या डीएलसीची झीज उलट वाढवतं. तेल बदलल्यानंतर भाग लवकर जायला लागले तर कोटिंगच्या आधी तेलाच्या कॅनवरचं लेबल वाचा.

पंपांच्या मेकॅनिकल सीलसाठी सिलिकॉन कार्बाइडवर दिलेला हिरा मिळतो, आणि तो कोरडा चालण्याचे छोटे प्रसंग चांगले सोसतो. सिलिकॉन कार्बाइडमध्ये कोबाल्टच नसतो, म्हणून तिथे पकडही चांगली येते. वायनरीच्या पंपांना मात्र हा खर्च करू नये. द्राक्षाच्या बिया आणि टार्टरचे खडे असले तरी साधी सिलिकॉन कार्बाइडची जोडी तिथे पुरते, फक्त पंप कोरडा चालवू नका.

ऑर्डर लिहिताना

“डायमंड कोटिंग, १० मायक्रॉन” एवढंच लिहून पाठवलं तर काहीही परत येऊ शकतं. कार्बाइडचं ग्रेड आणि कोबाल्टचं प्रमाण, धारेची गोलाई, सीव्हीडी की डीएलसी, मायक्रो की नॅनो, जाडी आणि तिची सूट (१० ± २ चालते), कोटिंगनंतरचा व्यास आणि बॅचबरोबर कोट केलेली एक चाचणीची चकती हे सगळं पर्चेस ऑर्डरवर हवं. व्यासात थर दोन्ही बाजूंनी वाढतो: १० मायक्रॉनच्या थराने १० मिमीची एंडमिल १०.०२ होते. रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं टूल) असेल तर ग्राइंडिंगलाच तेवढं कमी ठेवायला सांगा.

री-शार्पनिंगचा विचार सीव्हीडी टूलसाठी सोडून द्या. हिरा हवेत ६००-७०० अंशांवर जाळता येतो, पण त्या तापमानाला कार्बाइडचंही ऑक्सिडीकरण होतं, आणि एकदा धुतलेला पृष्ठभाग परत धुतला की खालचा ठिसूळ थर आणखी जाड होतो. अशी टूलं कार्बाइडच्या भंगारात द्या. डीएलसी मात्र ऑक्सिजनच्या प्लाझ्माने उतरवून परत देता येतं; भागाच्या मापात किती फरक पडला ते उतरवल्यावर आधी मोजा, मगच पुन्हा कोटिंगला पाठवा.